कोगनोळीला उतरलेल्या आक्का

कुसुमआक्कांना एका जागी बसलेलं मी सात वर्षांत दोनदाच पाहिलं. एकदा दाताच्या डॉक्टरकडं, आणि एकदा पुण्याला, तेही दहाच मिनिटं. एरवी त्यांचं सगळं चालता चालता. चहा चालता चालता, डबा उभ्या उभ्या, आणि मुलांचे पेपर तपासायचे तर कॉलेजच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. समोरून येणाऱ्यानं बाजूला व्हायचं. अशा बाईनं जन्मभर काम काय केलं, तर अणूंना एका जागी बसवायचं. मी हे एकदा त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "म्हणून तर मला त्यांची दया येती गं. बसवून ठेवलंय बिचाऱ्यांना."

मी मंगल. माहेर बेळगुंदीचं, सासर बेळगावात वडगावला. शाळा आठवीत सुटली. नवऱ्याचा पॉवरलूम बंद पडला तेव्हा आक्कांनी मला कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये भांडी धुवायला लावून घेतलं. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, एका मुलीची आई. आज मी गुजरातेत, फ्युएल सेलचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात काळी पूड तोलते, कालवते आणि कागदावर फासते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुली एमेस्सी झालेल्या आहेत. रोज सकाळी गेटवर कार्ड टेकवताना मला वाटतं, आज लाल दिवा लागणार आणि आतून कुणीतरी येऊन विचारणार, बाई, तुमचं इथं काय काम? अजून लागलेला नाही. लागला तर काय सांगायचं ते मी पाठ करून ठेवलंय, आणि त्यात आक्कांचं नाव पहिलं आहे.

आक्का वडगावच्याच, विणकराच्या घरातल्या. केमिस्ट्रीत डॉक्टरेट घेतलेल्या, दोन वर्षं परदेशात राहून आलेल्या. पण दारावर पाटी नव्हती, कारण 'डॉक्टर' वाचून गल्लीतले लोक ताप दाखवायला यायचे. लग्न केलं नाही. "केलं असतं खरं," म्हणायच्या, "पण बोलणी करायला बसाय लागतंय." अंगावर कायम हातमागाची साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात सुतळीनं बांधलेला एक लोहचुंबक. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेला. तो वाजत यायचा, म्हणून आक्का येताहेत हे सगळ्या मजल्याला आधीच कळायचं.

शहापुरातल्या एका वाण्याकडं मी त्यांच्याबरोबर एकदा गेले होते. वाण्यानं सुटी चहापूड कागदावर ओतली. आक्कांनी त्यावरून चुंबक फिरवला. चार-पाच काळे कण टुणकन उडून चिकटले.

"शेटजी, ह्या चहाच्या झाडाला लोखंड लागलंय."

वाणी हसला. "तुमच्या लॅबातनं चिकटून आलं असंल, आक्का."

आक्कांनी चुंबक पदरानं लख्ख पुसला आणि त्याच्याच हातात दिला. "मग आता तुम्ही फिरवा की."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. वाण्यानं चुंबक हातात धरला, कागदाकडं बघितलं, आणि फिरवला काही नाही. परत आक्कांच्या हातात देऊन म्हणाला, "दुसरं पोतं फोडतो."

"फोडा. आणि हे तुम्हाला ज्यानं घातलं त्याच्याकडं जाऊन भांडा. माझ्याशी भांडून काय उपयोग?"

त्यानंतर किल्ल्या वाजल्या की तो वाणी आपणहून डबा उघडून पुढं सरकवायचा.

तोच चुंबक लॅबमध्ये आमचा न्यायाधीश होता. फ्युएल सेल म्हणजे काय, ते आक्कांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एका बाजूनं हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूनं हवा, मधून वीज निघते आणि खाली पाणी ठिबकतं. धूर नाही, आवाज नाही. पण हवेतला ऑक्सिजन आळशी, त्याला हलवायला प्लॅटिनम लागतं आणि ते कुणाला परवडत नाही. आक्का म्हणायच्या, तेच काम साधं लोखंड करील, फक्त त्याचा अणू न् अणू सुटा राहिला पाहिजे. कोळशाच्या पुडीत एकेकटा अणू, चारी बाजूंनी नायट्रोजननं धरलेला. दोन-चार जवळ आले की त्यांचा गोळा होतो. गोळा झालेलं लोखंड काम करत नाही, नुसतं चुंबकाकडं धावतं. म्हणून भट्टीतून निघालेल्या प्रत्येक पुडीवर आधी चुंबक. पूड उडाली की आक्का म्हणायच्या, "घोळका करून बसलेत, उचला." आणि बाटली बाजूला.

मला हे नीट उमगलं ते मागावरून. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, प्रत्येक धागा तारेच्या एकेका डोळ्यातून ओवलेला असतो. एका डोळ्यात एकच धागा. चुकून दोन गेले तर कापडात रेघ पडते, आणि ती पहिल्या वितीपासून पदरापर्यंत जाते. आक्का लहानपणी मागाच्या मागं बसून वडिलांच्या हातात धागे द्यायच्या. त्यांच्या घरात एक रीत होती. विणताना चूक सापडली की ती झाकायची नाही. माग थांबवायचा, चूक जिथून सुरू झाली तिथं काठाला एक लाल दोरा बांधायचा, आणि मग पुढं विणायचं. घेणाऱ्यानं दोरा बघून घ्यावं, नाहीतर ठेवून जावं.

"आमच्या बाबांच्या साड्या कमी खपायच्या," आक्का सांगायच्या. "खरं परत एकबी आली न्हाय."

लॅबच्या वह्यांनाही त्यांनी तीच रीत लावली होती. चुकलं तर खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. पानाच्या कडेला भोक पाडून लाल दोरा ओवायचा आणि काय चुकलं ते लिहायचं. दोऱ्याचं रीळ त्यांच्या पर्समध्येच असे. मुलं हसायची. काहींच्या वह्या झालर लावल्यासारख्या दिसायच्या. मला भांडी धुण्यावरून उचलून कुटण्या-तोलण्याच्या कामावर घातलं तेव्हा मलाही वही मिळाली. मी म्हटलं, आक्का, मला कुठं लिहायला येतंय?

"आठवीपर्यंतचं मराठी रग्गड झालं. तारीख, वजन, काय केलंस ते लिही. विचार लिहू नकोस, तो मी करतो." (आमच्याकडं बायकाही 'करतो', 'आलो'च म्हणतात. इथं गुजरातेत त्यावरून माझी फार चेष्टा होते.)

मला त्यांनी का उचललं तेही सांगते. भांडी धुऊन झाली की शेवटचं पाणी मी जिभेला लावून बघत असे, साबण राहिलाय का ते. आक्कांनी ते पाहिलं आणि सगळा मजला गोळा होईल अशा ओरडल्या, "मरशील की गं! ॲसिड असतंय त्यात!" नोकरी गेली असंच मला वाटलं. त्या दोनदा दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "जीभ आत ठेव. खरं शेवटच्या पाण्याचा भरवसा न वाटणारी बाई मला पाहिजेच होती. उद्यापासनं पूड तू कुटायची."

पूड तंबाखूची. निपाणीकडं पानं खुडून झाली की शेतात दांडे उभे राहतात. आक्कांचं म्हणणं, तंबाखूत मुळातच नायट्रोजन भरपूर, तर त्याच्याच दांड्याचा कोळसा करावा. आम्ही टेम्पो घेऊन निपाणीच्या एका शेतकऱ्याकडं गेलो. तो म्हणाला, "बाई, ह्याला जनावरबी तोंड लावत न्हाय."

"म्हणून तर न्यायला आलोय."

"आणि करणार काय ह्याचं?"

"वीज."

त्यानं आक्कांच्या बुटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. टेम्पो भरून दिला, आणि निघताना मला हळूच म्हणाला, "ताई, बाईंना सांभाळून न्या."

दांडे वाळवायचे, जाळून कोळसा करायचा, तो खलात अगदी मऊ कुटायचा. मग त्यात एक पांढरं रसायन घालून नळीच्या भट्टीत भाजायचं, ॲसिडमध्ये धुवायचं, वाळवायचं. दोन प्रकार करायचे. एकात आक्का चिमूटभर लोखंडाचा क्षार घालायच्या, दुसऱ्यात काहीच नाही. त्या दुसरीला आम्ही 'साधी' म्हणायचो. ती फक्त तुलनेसाठी. कुटायचा खल अकीक दगडाचा होता, परदेशातून आणलेला, काचेसारखा गुळगुळीत. आक्कांनी तो माझ्या हातात देताना सांगितलं होतं, "हा तुझ्या जिवापेक्षा जास्त सांभाळ." त्या गमतीनं म्हणाल्या होत्या. मला गंमत कळत नाही.

एके दिवशी तो माझ्या हातून नळाखाली निसटला आणि दोन तुकडे झाले.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी तुकडे फडक्यात बांधून कपाटाच्या मागं ठेवले. आक्का त्या आठवड्यात म्हैसूरला परीक्षा घ्यायला गेल्या होत्या. त्या येण्याआधी काम तर व्हायला हवं. म्हणून मी घरून सासूबाईंचा लोखंडी खलबत्ता आणला, शेंगदाण्याची चटणी कुटायचा. राखेनं तीनदा घासला, शेवटच्या पाण्याला हात लावून बघितला, जीभ लावली नाही. स्वच्छ म्हणजे काय याची माझी समजूत तेवढीच होती: चटणीचा वास गेला की झालं. पूड अकीकाच्या खलातल्यापेक्षाही मऊ निघाली. आक्का आल्यावर सांगायचं असं ठरवलं होतं. आल्या, तर त्या घाईत होत्या. मग दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग पुढच्या सोमवारी. वहीत मी लिहीत गेले, 'पूड कुटली, दोनशे घाव.' कशात कुटली ते लिहिलं नाही. माझ्या वहीत एकही लाल दोरा नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता.

तीन-चार महिन्यांनी एका दुपारी आक्का धावत भांड्यांच्या खोलीत आल्या. 'साधी' पूड लोखंडवालीपेक्षा सरस चालली होती. त्यांनी परत मोजलं, परत तेच. चुंबक फिरवला, काही उडालं नाही. आठ दिवस त्या चालतच होत्या. व्हरांडा पुरेना म्हणून ग्राउंडला फेऱ्या मारायच्या. धातूच नको! नुसत्या तंबाखूच्या कोळशावर काम होतंय! दोन महिन्यांवर पुण्याला, ह्या कामाला पैसे देणाऱ्या कमिटीपुढं जायचं होतं. प्रकल्प पुढं चालू ठेवायचा की बंद करायचा, ते तिथं ठरणार होतं. आक्कांना निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. प्रकल्प चालू राहिला तर त्या राहणार, त्या राहिल्या तर मी राहणार.

"तू पण चल," म्हणाल्या. "काम तुझ्या हातचं हाय."

सकाळच्या पुण्याच्या बसनं निघालो. माझ्या मांडीवर बाटल्यांची पेटी. आक्का सीटवर टेकायच्या, उठायच्या, पुन्हा टेकायच्या. त्याला बसणं म्हणत नाहीत. संकेश्वर गेल्यावर म्हणाल्या, "ऐक, बोलून दाखवतो. तुला कळलं तर कमिटीला कळणार." आणि वरच्या दांडीला धरून त्यांनी सगळं भाषण मला मराठीत म्हणून दाखवलं. दांडे, भट्टी, नायट्रोजन. मी माना डोलवत होते. मग त्या म्हणाल्या, "आणि ह्या पुडीत लोखंडाचा एक कणसुद्धा कधी गेलेला नाही. भांडं लोखंडाचं नाही, चमचा लोखंडाचा नाही, खल अकीकाचा. हे मी छातीठोक सांगू शकते, कारण आमचं काम मंगलच्या हातचं आहे."

तोवर मला वाटत होतं की मी एक भांडं फोडलंय. भांड्यापेक्षा मोठं काहीतरी फुटलंय हे मला त्या वाक्याला कळलं.

तवंदीचा घाट उतरला. निपाणीच्या स्टँडवर बस दहा मिनिटं थांबली. आक्का खाली उतरून बसभोवती फेऱ्या घालून आल्या. मी खिडकीतून बघत होते. सांगितलं तर आजपासून लॅब बंद. नाही सांगितलं तर उद्या त्या छातीठोक उभ्या राहणार, आणि कधीतरी, कुठंतरी कुणीतरी ती पूड तपासणार. बस हायवेला लागली.

"आक्का, खल फुटलाय."

"कुठला?"

"अकीकाचा. लई दिवस झाले."

त्या माझ्याकडं वळल्या. "मग तू कुटत हुतीस कशात?"

"घरच्या खलबत्त्यात."

"कशाचा हाय?"

"लोखंडाचा."

मी डोळे मिटून घेतले. त्या ओरडतील, बसमधल्या सगळ्यांना कळेल. पण आक्कांनी एवढंच विचारलं, "कधीपासनं?"

मी वही उघडून तारीख दाखवली. त्यांनी बोट ठेवून पुढची पानं मोजली. 'साधी'ची सरस चाललेली प्रत्येक बाटली त्या तारखेनंतरची होती. त्या उठून पुढं गेल्या.

"कंडक्टर, थांबवा."

"याक्री आक्का? काय झालं? इथं स्टॉप न्हाय."

"माझा हाय."

आम्ही कोगनोळीच्या सीमानाक्यावर उतरलो. मालट्रकांची रांग लागली होती. आक्का त्या रांगेच्या कडेनं जायच्या आणि परत यायच्या, पलीकडं महाराष्ट्रात, अलीकडं कर्नाटकात. मी चहाच्या टपरीपाशी पेटी छातीशी धरून उभी. टपरीवाल्यानं आक्कांचा चहा दोनदा गरम करून दिला, दोनदा गार झाला. "बाईंचं काय हरवलंय का?" त्यानं विचारलं.

त्या जवळ आल्या तशी मी म्हटलं, "आक्का, मी इथनंच परत जातो. मला कामावरनं काढा."

"तुला काढून त्यातलं लोखंड निघणार हाय का?" आणि गेल्या. परत आल्या त्या चिडूनच. "खल फुटला हे सांगायला काय झालतं? मी काय तुला खाल्लं असतं?"

"व्हय," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"खाल्लं असतं," म्हणाल्या. "अर्धं."

तिसऱ्या फेरीला मी ते बोलले, जे बोलल्याची आजही मला लाज वाटते. "आक्का, चुंबकाला तर काय लागलं न्हाय. कुणाला कळणार?"

"तुला कळलं न्हवं?" त्या म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या. चार पावलं गेल्या आणि थांबल्या. एका ट्रकच्या चाकाशी तशाच उभ्या. मग वळून म्हणाल्या, "काय म्हणालीस? परत म्हण."

"चुंबकाला काय लागलं न्हाय."

"खलबत्त्याचं लोखंड पुडीत आलं, व्हय? भट्टीत गेलं. ॲसिडनं मोकळं हुतं ते धुऊन नेलं. मग काम कोण करतंय गं? चुंबकाला दिसत न्हाय असं कुठलं लोखंड?" ट्रकचा क्लीनर वर बसून ऐकत होता. आक्का त्यालाच सांगू लागल्या. "मी चिमूट चिमूट घालत हुतो, तेच जास्त हुतं. घोळका हुईत हुता. हिनं नकळत इतकं थोडं घातलं की बसायला ज्याची त्याला जागा गावली!"

"व्हय की," क्लीनर म्हणाला.

"खरं पुरावा न्हाय," आक्का म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "एक कागद न्हाय माझ्याकडं."

त्यांनी पर्समधून रीळ काढलं. टपरीवाल्याच्या टेबलावर माझी वही ठेवली, त्या तारखेच्या पानाला केसातल्या पिनेनं भोक पाडलं, आणि दोरा माझ्या हातात दिला. "तू बांध. तुझी वही हाय." गाठ दोनदा सुटली. मग आम्ही पुढच्या बसला हात केला. परत बेळगावला जायचं असेल म्हणून मी रस्ता ओलांडू लागले, तर आक्का ओरडल्या, "तिकडं कुठं? पुणं इकडं हाय."

दुसऱ्या दिवशी त्या कमिटीपुढं उभ्या राहिल्या. मी शेवटच्या खुर्चीत. आक्कांनी पाठ केलेलं भाषण केलं नाही. आधी वही वर धरली, दोरा लोंबत होता, आणि सांगितलं की अर्जात लिहिलेली मुख्य गोष्ट चुकीची आहे, आणि हे आपल्याला काल सकाळीच कळलं. पुडीत लोखंड आहे. ते सुटं सुटं बसलं असावं असं वाटतं, पण दाखवायला आज काही नाही.

मधल्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे हा सगळा अपघात."

"अपघात म्हणा. पण ह्या अपघाताची तारीख माझ्याकडं आहे."

"आणि कुटलं कुणी?"

"मंगलनं. त्या मागं बसल्यात."

सगळ्यांनी वळून बघितलं. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. चष्मा लावलेली एक तरुण बाई, पुढं त्यांचं नाव नंदिनी मॅडम असं कळलं, त्यांनी मला सरळ विचारलं, "एका वेळेला किती कुटता? किती वेळ?" मी उभी राहिले. "एक मूठ. दोनशे घाव. शंभरानंतर कडेचं मधे घेतो आणि मग उरलेले." त्यांनी ते लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी कागदावर लिहून घेतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बाकड्यावर आक्का बसल्या. मी मघाशी म्हटलं ती दहा मिनिटं हीच. पाय हलत नव्हते, किल्ल्या वाजत नव्हत्या. मला त्याचीच भीती वाटली. मी म्हटलं, "आक्का, जरा फिरून या की."

प्रकल्प बंद झाला. सिद्ध करून पुन्हा अर्ज करा, असं सांगितलं. पुन्हा अर्ज करायला आक्कांकडं वेळ कुठं होता? मात्र निघताना नंदिनी मॅडमनी चिमूटभर 'साधी' मागून घेतली.

पावसाळा संपता संपता त्यांच्याकडून एक फोटो आला. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखालचा. प्रकल्प संपल्यावर मी परत भांडी धुवायला लागले होते; आक्कांनी मला भांड्यांच्या खोलीतून हाताला धरून नेलं. काळ्या घोंगडीवर खसखस सांडावी तसे पांढरे ठिपके. एकाला एक चिकटलेला नाही.

"एकेकटा बसलाय बघ," त्या म्हणाल्या. "ज्याच्या त्याच्या डोळ्यात ज्याचा त्याचा धागा." आणि टेबलाभोवती त्यांनी इतक्या फेऱ्या मारल्या की मलाच गरगरलं. "तुझ्या सासूला सांग, खलबत्ता परत मिळायचा न्हाय."

उरलेल्या महिन्यांत आम्ही घाव मोजून मोजून कुटलं. चिनी मातीच्या खलात कुटलेली पूड थंडच, खलबत्त्यातली चालती. आक्कांनी ते सगळं लिहून काढलं. सासूबाईंना त्यांनी नवा स्टीलचा खलबत्ता नेऊन दिला, तर सासूबाई म्हणाल्या, "ह्यात चटणीला चव न्हाय. माझा मला आणून द्या." शेवटी निवृत्तीच्या दिवशी, हारतुरे झाल्यावर, आक्का स्वतः तो लोखंडी खलबत्ता काखेत मारून आमच्या घरी आल्या. "मावशी, ह्यातलं थोडं लोखंड आम्ही खाल्लं. माफ करा."

माझंही काम त्या दिवशी संपलं. पुढं वर्षभरानं नंदिनी मॅडम गुजरातेतल्या ह्या कारखान्यात आल्या आणि त्यांनी आक्कांना फोन केला: ती घाव मोजणारी बाई येईल का? मी नाही म्हणत होते. मुलगी दहावीला, भाषा येत नाही, शिक्षण नाही. आक्का आमच्या सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होत्या. "शिक्षण न्हाय हे त्यांना ठाऊक हाय. मी सांगितलंय. झाकलेलं काय न्हाय, मग भितीस कशाला?"

भीती काही गेली नाही. इथं आल्यावर तिसऱ्या महिन्यात एका वजनाला माझा काटा शून्यावर नव्हता. संध्याकाळी लक्षात आलं, तोवर ती पूड पुढं गेली होती. एमेस्सीच्या मुली घरी निघाल्या होत्या. मी जिन्यात उभी राहून आक्कांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून किल्ल्या वाजल्याचा आवाज. मग त्यांनी विचारलं, "कधीपासनं?" मी वेळ सांगितली. "मग मला काय सांगतीस? त्यांना सांग जा," आणि फोन ठेवला. मी परत वर गेले. माझ्या इथल्या वहीत आता तीन लाल दोरे आहेत. साहेबांनी पहिल्यांदा विचारलं, ये क्या है? आता विचारत नाहीत. शेजारच्या मुलींपैकी एकीनं परवा माझ्याकडून दोरा मागून नेला.

आक्का गेल्या पावसाळ्यात गेल्या. कळलं तेव्हा इथून निघूनही उपयोग नव्हता. त्यामुळं मला त्या शेवटच्या दिसल्या त्या मी इकडं यायला निघाले तेव्हाच.

त्या दिवशी पुण्याच्या बसमध्ये त्याही चढल्या होत्या. मी म्हटलं, कुठवर येताय? "बघू." वाटेत मला काही उपदेश केला नाही, फक्त दोनदा उठून माझी पेटी नीट लावली. कोगनोळी आली तशा उठल्या.

"आक्का, इथं स्टॉप न्हाय," कंडक्टर म्हणाला. हा दुसराच कुणी होता.

"माझा हाय."

उतरल्या. मला वाटलं, खिडकीशी येतील, हात करतील. मी काच सरकवून बाहेर वाकले. पण त्यांचं लक्ष तोवर दुसरीकडं गेलं होतं. रस्त्याच्या कडेला ट्रकांनी दळून बारीक केलेली माती साठली होती, आणि आक्का वाकून सुतळीला टांगलेला चुंबक त्या मातीतून ओढत चालल्या होत्या. चार पावलं तिकडं, चार पावलं इकडं. चुंबकाला काळी मिशी आली होती. बस हलली. एक ट्रक ड्रायव्हर चहाचा ग्लास हातात घेऊन थांबला होता. आक्कांनी ती काळी भुकटी तळहातावर घेतली, हात त्याच्यापुढं धरला आणि बोलायला लागल्या, आणि तो ग्लास बाजूला ठेवून बघायला खाली वाकला.